परसात सापडलेला धातूचा ठोकळा: तो काय आहे हे कसं शोधायचं

कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या परसात लिंबाच्या रोपासाठी खड्डा घेत होते. दीड फुटावर कुदळ खणकन वाजली. दगड असेल म्हणून कडेची माती काढली, तर तळहाताएवढा हिरवट-काळा ठोकळा हाती आला. आकाराच्या मानानं भलताच जड, आणि एका अंगाला मातीनं बुजलेले खळगे. अर्ध्या तासात घरात तीन मतं तयार झाली. भाऊ म्हणाला इंजिनाचा पार्ट, शेजारच्या काकी म्हणाल्या देवाचं काहीतरी, पुतण्या म्हणाला खजिना. तोवर आईनं चिंचेचा कोळ घेऊन एक कोपरा लख्ख घासलाही होता.

त्या कोपऱ्यावर खूण होती की नव्हती, हे आता कधीच कळणार नाही. बाकीच्या ठोकळ्यानं मात्र पुढे सगळं सांगितलं. अशा वस्तूची ओळख धातूच्या चकाकीत नसते. ती कुठे सापडली, कुठे झिजली आणि घरातल्या थोरांना काय आठवतं, यात असते. कोल्हापूरच्या जमिनीत काय काय निघतं हे लक्षात ठेवून, मी जे केलं आणि जे आधीच करायला हवं होतं, ते इथे क्रमानं लिहिते.

उचलण्याआधी

वस्तू पूर्ण उघडी होईपर्यंत ओढू नका, ठोकू नका. शहरातल्या परसात सगळ्यात आधी शंका घ्यायची ती अर्थिंगची. मीटरच्या जवळ, जमिनीत तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा निघाला, भोवती कोळसा आणि मीठ असलं, वर तार किंवा पट्टी जात असली, तर ते तुमच्याच घराचं किंवा शेजाऱ्याचं अर्थिंग आहे. माती परत लोटा आणि वायरमनला बोलवा.

गोल, जड लोखंडी गोळा निघाला तर जास्त जपा. पन्हाळ्याच्या परिसरात तो तोफगोळा असू शकतो. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा सगळ्यांना ठाऊक असतो, पण १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात इंग्रजांनी पन्हाळ्यावर तोफा डागल्या, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. भरीव गोळा म्हणजे नुसतं लोखंड. पोकळ गोळ्याच्या पोटात मात्र दारू भरलेली असते, आणि वात बसवायला त्याला भोक ठेवलेलं असतं. भोक मातीनं बुजलेलं असलं तर वरून भरीव आणि पोकळ यात फरक कळत नाही. म्हणून गोळा, दोन्ही टोकं बंद असलेली नळी, काडतूस, सुतळीत किंवा पत्र्यात गुंडाळलेला संशयास्पद गोळा, यांपैकी काहीही असो: हात लावू नका, पोरांना लांब करा, ११२ ला फोन करा. तलवार, कट्यार किंवा बंदुकीची नळी निघाली तरी पोलीस ठाण्यात कळवा. हत्यारांना वेगळा कायदा लागू होतो.

जागेची नोंद: दहा मिनिटांचं काम

ही पायरी सगळेच गाळतात. मीही जवळजवळ गाळलीच होती.

वस्तू खड्ड्यात असतानाच फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. ती नसेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. वस्तू किती खोल होती ते मोजा. घराचा कोपरा आणि विहिरीचा कठडा अशा दोन न हलणाऱ्या जागांपासूनचं अंतर टिपून ठेवा. मातीचा रंग लिहा. मग त्याच खोलीवर आजूबाजूला काय आहे ते बघा: खापरं, विटांचे तुकडे, काचेच्या बांगड्या, राख, कोळसा. काळे, भोकाभोकांचे, काचेसारखे चमकणारे जड दगड दिसले तर ते लोहकीट असू शकतं. म्हणजे तिथे कधीतरी लोहाराची भट्टी होती. प्लास्टिकची पिशवी त्याच थरात असली, तर हजारो वर्षांची आशा सोडा.

नंतर घरात विचारायचं: ही माती आपलीच आहे का? कोल्हापुरात अनेक परसांत भराव टाकलेला असतो, आणि त्या मुरमाबरोबर वस्तू दुसऱ्या गावाहून आलेली असू शकते. नदीकाठच्या घरांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी गाळाचे थर सोडले आहेत. गाळात सापडलेल्या वस्तूबद्दल "आमच्या घरातलीच" असं म्हणता येत नाही.

जागेला इतकं महत्त्व का, याचं उत्तर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत १९४४ च्या सुमारास काशाच्या वस्तूंचा साठा निघाला. त्यात ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती. मग १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन करून सातवाहनकाळापासूनचे थर मोजले. ती मूर्ती एखाद्या भंगारवाल्याकडे सुटी सापडली असती तर ती नुसती देखणी परदेशी बाहुली ठरली असती. ब्रह्मपुरीत सापडली, म्हणून सातवाहनांच्या काळात कोल्हापूरचा धागा रोमच्या व्यापाराशी जोडलेला होता, हे तिनं सांगितलं.

माती काढा, पण घासू नका

वस्तू सावलीत दोन दिवस वाळू द्या. मग बांबूची काडी आणि मऊ ब्रश घेऊन सुटी माती झाडा. चिंच, लिंबू, पितांबरी, तारेचा ब्रश, ग्राइंडर यांतलं काहीही नको. तांब्या-पितळेवरचा गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. धातूचा वरचा पापुद्राच काळानं तसा झालेला असतो, आणि कोरलेली अक्षरं, बारीक रेघा याच थरात टिकतात. आम्ल लागलं की थराबरोबर त्याही जातात.

धातू कोणता

आधी रंग. लालसर तपकिरी, पापुद्रे सुटणारा गंज म्हणजे लोखंड. हिरवा किंवा निळसर थर म्हणजे तांबं, पितळ, कासं. काळपट डागांखाली पांढरी झाक दिसली तर चांदीची शक्यता धरा. मातकट राखाडी, नखानं ओरखडा उठणारं आणि जड म्हणजे शिसं. ते हाताळल्यावर हात साबणानं धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

मग चुंबक. जुन्या स्पीकरचा चांगला चालतो. चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. मात्र पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडालाही तो चिकटतो, आणि काही जातींच्या स्टेनलेस स्टीलला चिकटत नाही.

खरा उलगडा होतो तो घनतेनं. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वस्तू कोरडी असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तूला दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल अशी हातानं लोंबकळत धरा. ती तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे वस्तूचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागा.

माझ्या ठोकळ्याचं वजन ७४२ ग्रॅम भरलं आणि पाण्यात काटा ८६ वर थांबला. भागाकार साधारण ८.६. आता ताडून पाहा: ॲल्युमिनियम २.७, बीड (ओतीव लोखंड) ७.२ च्या आसपास, लोखंड ७.८, पितळ ८.४ ते ८.७, कासं आणि तांबं ८.८-८.९ च्या आसपास, चांदी १०.५, शिसं ११.३, सोनं १९.३. म्हणजे माझा ठोकळा पितळेचा किंवा काशाचा. पुतण्याचं सोनं तिथेच बाद झालं. खळग्यांत माती किंवा हवेचे बुडबुडे राहिले तर आकडा कमी येतो, म्हणून वस्तू पाण्यात थोडी हलवून बुडबुडे घालवा आणि तीनदा मोजा. फार गंजलेल्या लोखंडावर ही चाचणी विश्वासाची नाही. पाण्यातून काढलेली वस्तू लगेच टिपून पूर्ण वाळवा. कानस मारून आतला रंग बघायचा मोह होतो, तो आवरा.

वजनच ओळख सांगतं तेव्हा

गोल, चपटा किंवा घंटेच्या आकाराचा तुकडा असेल तर वजनाकडे नीट बघा. १९५८ पासून आपल्याकडे किलोग्रॅम येऊ लागला. त्याआधी ८० तोळ्यांचा शेर होता, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. अच्छेर ४६६, पावशेर २३३, आतपाव ११७, छटाक ५८ आणि तोळा ११.६६ ग्रॅम. तुमची वस्तू यांपैकी एखाद्या आकड्याच्या जवळ बसली तर ते जुनं माप असण्याची शक्यता मोठी. गंजानं दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होतात, आणि जुने स्थानिक शेर गावागणिक वेगळेही असत. ४५४ ग्रॅम भरले तर तो इंग्रजी पौंड. आमच्या गल्लीतल्या एका घरी दाराला टेकण म्हणून वर्षानुवर्षं वापरलेला लोखंडी गोळा असाच अच्छेर निघाला.

ती वस्तू काय काम करत होती

"हे काय आहे?" असं विचारण्याआधी "हे कुठे झिजलंय?" असं विचारा. भोकाची एकच बाजू लांबट झाली असेल तर तिथे दोरी, साखळी किंवा खीळ सतत ओढ देत होती. माथा पसरून कडा बाहेर वळल्या असतील तर वर हातोडा पडत होता. कड एका बाजूनं घासलेली असेल तर ती जमिनीत किंवा दगडावर चालत होती.

कोल्हापूर भागात परसात आणि शेतात वारंवार निघणाऱ्या वस्तू माहीत असल्या तर निम्मी कोडी घरीच सुटतात. चंद्रकोरीसारखी चपटी लोखंडी पट्टी, कडेला भोकं, आणि आकार घोड्याच्या नालेच्या निम्मा, ही बैलाची पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून प्रत्येक खुराला दोन पत्र्या लागतात. माझ्या ओळखीत हिला अनेकांनी गळ्यातला दागिना, तुटका विळा, नाहीतर शिवकालीन काहीतरी मानलं आहे. जाड, लंबगोल लोखंडी कडं असेल तर ती वसू असू शकते, नांगराला फाळ आवळून धरणारी. लांब चपटं पातं, मधे सरळ आणि दोन्ही टोकांना वर वळलेलं, ही कुळवाची पास. रुंद लोखंडी पट्टीचा मोठ्या वर्तुळाचा तुकडा असेल तर ती गाडीच्या चाकाची धाव. दात असलेले जाड बिडाचे रूळ, नाहीतर दोन माणसांनी उचलावी अशी कडी निघाली, तर आसपास गुऱ्हाळ होतं का ते विचारा: रूळ चरकाचे आणि कडी काहिलीची असते. अर्धगोल धारेचं, लाकडी मुठीसाठी निमुळतं शेपूट असलेलं छोटं पातं चपला करणाऱ्यांची रापी असू शकतं.

यंत्राचा भाग असेल तर आट्यांकडे, म्हणजे थ्रेडकडे बघा. सगळे आटे अगदी एकसारखे असतील तर ते यंत्रावर कापलेले. शिवाजी उद्यमनगरातला कुठलाही लेथवाला पीच गेज लावून ते इंची की मेट्रिक हे मिनिटात सांगतो. मापं सुतात चोख बसत असतील (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तर भाग बहुधा मेट्रिक येण्यापूर्वीचा. कोल्हापुरात ऑइल इंजिनं जितकी घडली तितकीच शेतात कुजलीही, त्यामुळे गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची, वजनं आणि पितळी बुशिंग ही नेहमीची सापड आहे. ओतीव कामावर मधोमध बारीक जोडरेघ असते, घडीव कामावर हातोड्याचे सपाट ठसे दिसतात.

वळिवड्याकडे, म्हणजे आजच्या गांधीनगर परिसरात, अनोळखी भाषेतली रोमन अक्षरं किंवा मेरीमातेचं पदक निघालं तर आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती.

अक्षरं आणि नाणी

खोली अंधारी करून बॅटरीचा उजेड अगदी तिरपा, एका बाजूनं पाडा. समोरून न दिसणारी रेघ सावलीमुळे उठून दिसते. चारही बाजूंनी फोटो घ्या. वस्तू भक्कम असेल तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलकेच फिरवा.

तांब्याचं ओबडधोबड नाणं, एकीकडे "श्री राजा शिव" आणि दुसरीकडे "छत्रपती" अशी अर्धवट अक्षरं असतील तर ती शिवराई. ती छत्रपतींच्या नावानं पुढे फार काळ पाडली गेली, म्हणून शिवराई मिळाली की ती महाराजांच्याच हयातीतली असं धरू नका. कोल्हापूरकरांनी त्याहून जास्त जपायला हवं ते शिशाच्या चकत्यांना. सातवाहनकाळात इथल्या कुर राजांनी, म्हणजे विळिवायकुर, शिवलकुर यांनी, शिशाची नाणी पाडली, आणि त्यांवर धनुष्यबाण व टेकडीसारखी खूण असते. मातीत ती जाळ्याच्या वजनासारखी, अगदी कळाहीन दिसतात. शिसं चटकन वितळतं, त्यामुळे मासेमारीचं वजन करण्यासाठी ती चुलीवर ठेवली की दोन हजार वर्षांच्या आसपासचा पुरावा क्षणात पाणी होतो. राखाडी चकती वितळवण्याआधी तिरप्या उजेडात एकदा बघा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

कुणाला विचारायचं

भंगारवाल्याला सगळ्यात शेवटी. शेतीची वस्तू वाटत असेल तर सत्तरीपुढचा शेतकरी किंवा लोहार, यंत्राची असेल तर उद्यमनगरातला जुना मिस्त्री, नक्षी असेल तर गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, कारागीर, आणि चांदीकामाचं अवजार वाटलं तर हुपरी. नाणं, मूर्ती, लेख असेल तर टाऊन हॉलमधलं शासकीय वस्तुसंग्रहालय किंवा शिवाजी विद्यापीठाचा इतिहास विभाग. आधी फोटो, मापं, वजन आणि जागेची नोंद घेऊन जा, वस्तू नंतर. आणि "हे अमुक आहे ना?" असं विचारू नका. समोरच्याला स्वतःहून बोलू द्या.

माझ्या ठोकळ्याचे खळगे काडीनं मोकळे केले. मग त्यावर अगदी पातळ प्लास्टिक ताणून मुलांच्या खेळण्यातला क्ले हलक्या हातानं दाबला. खळग्यात जे कळत नव्हतं ते क्लेवर उठून आलं: एक पान, एक मासा, एक कमळ, नखाएवढी. तो क्ले गुजरीतल्या एका वयस्क कारागिरापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, हा ठसा हाय. साजाची पानं काढायचा." सोन्याचा पातळ पत्रा अशा ठशावर ठेवून ठोकायचा, उठलेली पोकळ नक्षी लाखेनं भरायची आणि मग ती कोल्हापुरी साजात, म्हणजे गळ्यातल्या दागिन्यात, ओवायची, हे त्यांनी हातानं करून दाखवलं. ठोकळ्याच्या कडा का पसरल्या आहेत तेही तेव्हाच कळलं.

घरी येऊन आत्याला फोन केला. ती लगेच म्हणाली, "अगं, मागच्या सोप्यात भाडेकरू हुते की! सोनारकाम करायचे. मी परकरात असताना ते घर सोडून गेले." आत्याचं वय धरून हिशेब केला तर ठसा सत्तर वर्षांमागे परसात पडला असावा.

कायदा काय म्हणतो

आपल्या जमिनीत सापडलं म्हणजे आपलं, असं नसतं. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची चीज सापडली तर सापडवणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे आणि कधी. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा तिची हमी द्यायची. चौकशीत ती बेवारस ठरली आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि उरलेला हिस्सा मालकाला मिळतो. सरकारला ती हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. लपवलं तर हिस्सा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी तर नेताच येत नाही.

बैलाच्या पत्रीसाठी कुणी जिल्हाधिकारी कार्यालयात जायची गरज नाही. पण नाण्यांचं गाडगं, मूर्ती, ताम्रपट किंवा दागिने निघाले तर खणणं थांबवा आणि त्याच दिवशी लेखी कळवा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

ठेवायचं कसं

ओळख पटलेलं साधं लोखंडी अवजार रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशनं गंज काढून, तेलाचा हात देऊन ठेवता येतं. तांब्या-पितळेची वस्तू कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. तिच्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड पुन्हा पुन्हा येऊ लागली तर मातीतले क्षार आणि ओल मिळून धातू आतून खात आहेत असं समजा. ती वस्तू इतरांपासून वेगळी करा आणि वस्तुसंग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पुड्या दर महिन्याला बदलाव्या लागतात.

डब्यात चिठ्ठी जरूर टाका. माझ्या चिठ्ठीवर असं लिहिलं आहे: "काशाचा किंवा पितळेचा ठसा, ७४२ ग्रॅम. मागचं परस, विहिरीपासून नऊ फूट, घराच्या ईशान्य कोपऱ्यापासून चौदा फूट, खोली दीड फूट. सोबत कोळसा आणि खापराचे दोन तुकडे. एक कोपरा चिंचेनं घासला गेला आहे." लिंबाचं रोप दोन हात अलीकडे लावलं. त्या खड्ड्याच्या कडेला कोळशाचा थर अजून दिसतो. दिवाळीत आत्या येईल, तेव्हा भट्टी नेमकी कुठे होती हे तिच्याकडून जागेवर उभं राहून विचारून घ्यायचं आहे.